चार वाजताची कानातली

मेश्राम काकू माणसाचं तोंड आधी बघत नाहीत, कान बघतात.

इथे परदेशात, ईडन प्रेरी गावात आम्ही घर घेतलं त्या आठवड्यातली गोष्ट. बाहेर बर्फ साचलेला, माझ्या दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या, कान आणि खांद्यात दाबलेल्या फोनवर मी आईशी बोलतेय. एवढ्यात शेजारच्या दारातून एक ठेंगण्या बाई, पांढऱ्या साडीवर मुलाचं भलंमोठं जॅकेट चढवून, तरातरा माझ्याकडे आल्या. नाव नाही, गाव नाही, काही विचारलं नाही.

"फोन ठेव. टोपी काढ. कान दाखव."

उणे पंधरात मी टोपी काढली. का काढली ते मला अजून कळलेलं नाही. निवृत्त शिक्षिकांच्या आवाजात काहीतरी असतं. त्यांनी माझे दोन्ही कान निरखले आणि डॉक्टर 'ताप आहे' म्हणतात त्या सुरात म्हणाल्या, "रिकामे. अशानं भोकं बुजतील. उद्या ये, मासे देते."

दुसऱ्या दिवशी मी स्टीलचा डबा घेऊन गेले. घरी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं की आज भाजी नको. काकूंनी डबा बाजूला ठेवला आणि माझ्या तळहातावर तांब्याच्या तारेचे दोन इवलेसे मासे ठेवले. शेपटीला लाल मणी, तोंडाला हुक. "चिनी भाषेत मासा आणि बरकत यांचा उच्चार एकच," त्या म्हणाल्या. "म्हणून मासा शुभ. खायचा असेल तर दुकानात मिळतो."

काकू मूळच्या नागपूरच्या. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मुलगा प्रवीण आणि सून रेश्मा दोघंही इथे नोकरीला, सकाळी आठला गेले की संध्याकाळी सहाला परत. मधल्या वेळात काकू कानातली करायच्या. डायनिंग टेबलाच्या एका टोकाला त्यांचा कारखाना होता: तार, दोन पकडी, एक कानस आणि मसाल्याच्या डब्यात मणी. मसाले बिचारे प्लास्टिकच्या पिशव्यांत गेले होते. मातीचे नमुने त्या ओव्हनमध्ये भाजायच्या. रेश्मा एकदा पिझ्झा गरम करायला गेली, तर आत बारा वटवाघळं ओळीनं झोपलेली.

वटवाघूळसुद्धा शुभ. त्याच्या नावाचा उच्चार भाग्यासारखा. दुध्या भोपळा शुभ, तोही उच्चारामुळेच. काकू म्हणायच्या, "चिन्यांचं सगळं नशीब यमकावर चालतं. आपल्याकडे असं असतं ना, तं सुखासाठी बायका कानात सुके बोंबील घालून हिंडल्या असत्या."

आता गंमत अशी, की ही शुभचिन्हं घडवणाऱ्या बाईंचा शुभावर काडीचाही विश्वास नव्हता. नागपूरला त्या दरवर्षी वर्गात हळदीच्या पाण्यात चुना टाकून 'रक्त' करून दाखवायच्या आणि भोंदूबाबांची नावं घेऊन मुलांना हसवायच्या. घरात बुद्धाची लहानशी मूर्ती होती, पण तिच्यापुढे नवस बोललेला त्यांना खपत नसे. कुणी 'अमक्या दिवशी केस कापू नयेत' असं म्हटलं, की काकूंचा एकच शब्द यायचा, "पुरावा?" मी एकदा सहज म्हणाले, "काकू, तुमचे मासे घातले आणि मला प्रमोशन मिळालं."

"पुरावा? मासे न घालता काम करून बघितलं होतं का? एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये."

"मग करता कशाला हो ही शुभबिभ कानातली?"

"डिझाइन चांगलं आहे."

हे डिझाइन त्यांना लीनाबाईंनी शिकवलं. लीनाबाई म्हणजे काकूंच्या पलीकडच्या घरातल्या चिनी आजी. आडनाव लिन, काकूंनी त्याचं लीनाबाई केलं. त्याही मुलीकडे राहायला आलेल्या, मुलगी ग्रेस दिवसभर कामावर. लीनाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. काकूंना वाचायला यायचं, शुभचिन्हांचे अर्थ त्यांनी पुस्तकातूनच काढले होते, पण इथले लोक बोलायला लागले की सगळं डोक्यावरून जायचं. एकदा लीनाबाईंच्या दारावर लाल कागदाचे मासे लागले, काकूंनी खुणेनं 'हे काय?' विचारलं, आणि तिथून जे सुरू झालं ते तीन वर्षं चाललं. रोज दुपारी चारला लीनाबाई यायच्या. चहा व्हायचा. एक लाल दोऱ्याच्या गाठी मारायची, दुसरी तार वळवायची. एक चिनीत बोलायची, दुसरी मराठीत. माझं काम बहुतेक घरूनच असायचं, त्यामुळे अधूनमधून मीही उठून जायची. एकदा लीनाबाई बराच वेळ काहीतरी दुःखाचं सांगत होत्या आणि काकू "नाही तं काय, नाही तं काय" करत होत्या.

"काकू, तुम्हाला कळतं का त्या काय म्हणतात ते?"

"वर्गात तरी पोरांना सगळं कुठे कळायचं? बसायची ना."

काकूंची कानातली आमच्या भागातल्या मराठी बायकांच्या कानांत हळूहळू पसरली, आणि एकदा भडकाही उडाला. माझ्या सासूबाई इथे आल्या असताना काकूंनी त्यांना वटवाघळांची जोडी दिली. सासूबाईंना वाटलं फुलपाखरं. त्या ती घालून हळदीकुंकवाला गेल्या, आणि तिथे एका चिकित्सक बाईनं चष्मा लावून जाहीर केलं, "अहो, ही तर वटवाघळं!" सासूबाईंनी तिथल्या तिथे कान मोकळे केले. घरी येऊन मला म्हणाल्या, "तुझ्या त्या काकूंना म्हणावं, घुबडांची पण करा." मी निरोप दिला. काकूंनी तो मनावर घेतला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "डोळे पिवळे करू का नारिंगी?"

हे सगळं असं हसतखेळत चाललं होतं, त्या फेब्रुवारीतल्या गुरुवारपर्यंत.

त्या आठवड्यात प्रवीण आणि रेश्मा शिकागोला गेले होते. काकू एकट्या होत्या. गुरुवारी मला ऑफिसात जावं लागलं, त्यामुळे त्या दिवशी काय झालं ते मला शुक्रवारी दुपारी साडेचारला फोन आला तेव्हा कळलं.

"अनघा, ताबडतोब ये. माझ्या हातून बहुतेक खून झाला आहे."

मी मीटिंग तशीच सोडून धावले. काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या. टेबलावर चहाचे दोन कप भरलेले होते आणि दोन्हींवर साय धरली होती. मी त्यांना बसवलं.

"काल लीनाबाईचा वाढदिवस होता," त्या म्हणाल्या. "मी कानातली केली. आजपर्यंत सगळं तिचं पाहून केलं ना, म्हटलं या वेळी माझ्या डोक्यातलं काहीतरी द्यावं. दारावर जाऊन डबी दिली. तिनं उघडली. आणि अनघा, तिचा चेहरा असा पडला ना! माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलली, आत गेली आणि दार लावून घेतलं. माझ्या तोंडावर. मी पाच मिनिटं थांबले. मग घरी आले आणि मागच्या खोलीत जाऊन झोपले."

"झोपलात?"

"रुसून झोपले. तशी झोपले नसते तं दिसलं असतं मला. आज चार वाजले, ती आली नाही. बाहेर गेले. तिच्या अंगणात रात्रीचा बर्फ तसाच, एक पाऊल उमटलेलं नाही. बेल वाजवली, कोणी नाही. तो बर्फ काढायला येतो ना माणूस, तो खुणा करून म्हणाला, काल संध्याकाळी ॲम्ब्युलन्स आली होती. म्हातारीला नेलं." त्यांनी माझा हात पकडला. "मी दिलेलं बघूनच तिला झटका आला असणार. दुसरं काय?"

"काकू, कानातली बघून कुणाला झटका येत नाही. काय केलं होतं एवढं?"

त्यांनी वहीतलं चित्र दाखवलं. घड्याळ. पैशाएवढी गोल तबकडी, पांढरा रंग, दोन काळे काटे. काटे चारवर लावलेले. खाली प्रत्येकी चार पांढरे मणी.

"छान तर आहे की."

"मला पण वाटलं."

मला एकदम वेनची आठवण झाली. वेन माझ्या टीममध्ये आहे, आईवडील तैवानचे. मी त्याला फोन लावला, आणि घाईत स्पीकर चालू झाला ते माझ्या लक्षात आलं नाही.

"वेन, एखाद्या चिनी आजींना वाढदिवसाला घड्याळ दिलं तर काय होतं?"

मग तो म्हणाला, "कोणी दिलं?"

"आमच्या शेजारच्या काकूंनी. भिंतीवरचं नाही, कानातलं."

"किती वाजलेत त्यात?"

"चार."

"रंग कोणता?"

"पांढरा."

मग वेन हळूच म्हणाला, "अनघा, त्या आजींना आणखी काही पाठवायचं राहिलंय का?"

मग त्यानं समजावून सांगितलं. त्यांच्या भाषेत 'घड्याळ भेट देणं' आणि 'शेवटचा निरोप द्यायला जाणं' यांचा उच्चार एकच. चार आणि मरण यांचा जवळजवळ एकच. पांढरा रंग सुतकाचा. "पण तरुण लोक एवढं मानत नाहीत," तो घाईघाईनं म्हणाला. "आजी किती वर्षांच्या आहेत?"

फोन ठेवून मी वळले. वेन इंग्रजीत बोलत होता, पण 'फ्युनरल' हा शब्द काकूंना कळला होता. आता त्या 'पुरावा?' विचारतील म्हणून मी वाट बघितली. नेहमीच्या आवाजात एकदा म्हणाल्या असत्या तर मला हायसं वाटलं असतं. त्याऐवजी उठून त्यांनी दोन्ही कप सिंकमध्ये ओतले.

आम्ही दोन हॉस्पिटलांना फोन केले. नातेवाईक नसलेल्यांना कुणी काही सांगायला तयार नव्हतं. ग्रेसचा नंबर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. तीन वर्षांत लागलाच नव्हता. लीनाबाई दारावर यायच्या, फोन कशाला लागतो? मी काकूंना म्हटलं, आज माझ्याकडे चला. त्या नको म्हणाल्या. ग्रेसची गाडी आली तर दिसायला हवी होती.

शनिवारी दुपारी गेले तेव्हा त्या टेबलापाशी बसलेल्या होत्या. समोर लाल कागदावर मातीचे छोटे छोटे पीच. काही फुटलेले, काही करपलेले. दोनच जमले होते, गुलाबी, खाली हिरवी पानं, प्रत्येकी आठ लाल मणी.

"पीच म्हणजे दीर्घायुष्य," मी म्हणाले. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"माझा विश्वास नाही हं," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "प्रयोग आहे."

हुक बसवताना त्यांची पक्कड दोनदा घसरली. त्यांच्या बोटाला रक्त आलं. मी पक्कड घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी दिली नाही.

दीडच्या सुमाराला पलीकडे गाडी थांबली. काकू चपला घालूनच बर्फात धावल्या, मागून मी त्यांचे बूट घेऊन. ग्रेस दाराशी होती. डोळे सुजलेले, हातात रिकामी बॅग. आईचे कपडे न्यायला आली होती.

आई स्टुलावरून पडली, तिनं सांगितलं. खुब्याचं हाड मोडलंय. तीन वाजता ऑपरेशन आहे. वय आणि हृदय बघता डॉक्टर काळजीत आहेत. "आणि तिला भ्रम झाल्यासारखं वाटतंय," ग्रेस म्हणाली. "कालपासून सारखी पर्स मागतेय. म्हणते, मला एक नाणं दे, शेजारणीला द्यायचंय. नर्सना वाटतंय औषधांमुळे बरळतेय. आज तर ऑपरेशनच्या कागदांवर सही करायलाच तयार नाही. आधी नाणं, म्हणते."

मी हे काकूंना मराठीत सांगितलं. त्यांना नाण्याचं काही कळलं नाही, मलाही नाही. त्यांना फक्त 'शेजारीण' कळलं.

"मला घेऊन चल," त्या म्हणाल्या.

ग्रेसच्या गाडीमागे मी गाडी घातली. रस्ता निसरडा, पुढे मीठ टाकणारा ट्रक संथ चाललेला, त्याला ओलांडता येत नव्हतं. ग्रेसचे मागचे दिवे दिसेनासे झाले. काकू पीचची डबी दोन्ही हातांत धरून सरळ समोर बघत बसल्या होत्या. त्या असं काही बोलतील याची मला कल्पनाच नव्हती.

"प्रवीण सहा महिन्यांचा होता तेव्हा त्याचे वडील गेले," त्या म्हणाल्या. "अपघातात. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती. आमच्या घरात बुद्धवंदना व्हायची, नवससायास कुणी करत नव्हतं. तरी मयतीला आलेल्या बायका ओट्यावर बसून बोलल्या ना. पांढऱ्या पायाची आहे म्हणे. घरात आली आणि माणूस गेला."

मी वायपर लावले.

"तेव्हा मी विचारायला पाहिजे होतं, पुरावा काय? पण मी बावीस वर्षांची होते. गप्प बसले. नंतर बी.एड. केलं, शाळेत लागले आणि तीस वर्षं तेच विचारत राहिले. सगळ्यांना." त्यांनी डबीचं झाकण घट्ट दाबलं. "आणि आता बघ. दारावर जाऊन घड्याळ देऊन आले मी तिला. कितीही म्हटलं तरी डोक्यात तेच येऊन राहिलं."

"पण काकू, घड्याळच का?"

"घर आठला रिकामं होतं गं. सहाला भरतं. मधे माझ्याशी कोण बोलतं? चारला ती येते. मला फक्त तेवढं सांगायचं होतं."

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा अडीच वाजायला आले होते. ग्रेस तिसऱ्या मजल्यावर लिफ्टपाशी वाट बघत होती. खोलीच्या दाराशी येऊन काकू थांबल्या. आत पलंगावर लीनाबाई दिसत होत्या, निळ्या गाऊनमध्ये, एवढ्याशा झालेल्या. काकू भिंतीला टेकल्या.

"तू जा. ही डबी दे. मी नाही येत."

"काकू!"

"ऑपरेशनच्या आधी मी तोंड दाखवू नये तिला. कशाला उगाच."

मेश्राम काकूंच्या तोंडून हे ऐकून मला रडू यायच्या बेतात होतं. मी काही म्हणायच्या आत आतून आवाज आला. लीनाबाईंनी आम्हाला बघितलं होतं. त्या मान वर करायचा प्रयत्न करत होत्या आणि नर्स त्यांना थोपवत होती. ग्रेसनं काकूंचा दंड धरला आणि सरळ आत नेलं.

मग जे संभाषण झालं ते असं: काकू मराठीत, मी इंग्रजीत, ग्रेस चिनीत, आणि तसंच उलट. मध्ये नर्स घड्याळाकडे बघत उभी.

लीनाबाईंनी आधी हात पुढे केला. ग्रेसनं पर्समधून काढलेलं एक सेंटचं नाणं त्यांच्या मुठीत होतं. ते त्यांनी काकूंच्या तळहातावर ठेवलं, काकूंची बोटं मिटवली, आणि डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

"घड्याळ भेट म्हणून घेता येत नाही," ग्रेस म्हणाली. "पण एक नाणं देऊन विकत घेता येतं. मग त्यात काही वाईट नसतं. आई म्हणते, ती नाणं आणायलाच आत गेली होती. थांबा म्हणाली होती तुम्हाला."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. 'काहीतरी बोलली' ते हे होतं. थांबा.

"नाण्यांची बरणी वरच्या फळीवर होती," ग्रेस पुढे म्हणाली. "ती स्टुलावर चढली."

"म्हणजे माझ्यामुळेच पडली," काकू म्हणाल्या.

हे मी इंग्रजीत केलं, ग्रेसनं चिनीत. लीनाबाईंनी डोळे उघडले आणि त्या चांगल्याच फणकारल्या. ग्रेसला हसू आलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. "आई म्हणते, स्टुलाचा पाय तीन महिन्यांपासून हलतोय. ती मला रोज सांगत होती, दुरुस्त कर. मी केला नाही. दोष द्यायचा तर मला द्या, स्वतःला का?"

उशाशी टेबलावर एक छोटी प्लास्टिकची पिशवी होती. हॉस्पिटलात दागिने काढून ठेवतात तशी. तिच्यात चष्मा होता, अंगठी होती आणि पांढरी घड्याळं होती. ग्रेस म्हणाली, मी घरी आले तेव्हा ती जमिनीवर पडलेली होती आणि ही तिच्या कानांत होती. काढू देईना.

काकूंनी पिशवी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि परत ठेवली. पीचची डबी द्यायचं त्यांना आठवलंच नाही. मी हळूच ती उशाशी सरकवली.

लीनाबाईंनी कागदांवर सही केली. नर्सनं पलंगाचे ब्रेक सोडले. तेव्हा लीनाबाई ग्रेसला काहीतरी म्हणाल्या. ग्रेस अडखळली, मग जरा ओशाळून काकूंकडे वळली.

"आई विचारतेय, तुमचं नाव काय?"

मी काकूंकडे बघितलं. मग माझ्या लक्षात आलं, की मलाही माहीत नव्हतं. तीन वर्षं मी त्यांच्या घरी चहा पीत होते. प्रवीणची आई, रेश्माच्या सासूबाई, आमच्या मेश्राम काकू.

"कुंदा," काकू म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं पुन्हा म्हणाल्या, "कुंदा."

"कुन्-दा," लीनाबाई म्हणाल्या. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून, "शियूलान." ग्रेस म्हणाली, लान म्हणजे एक फूल असतं. काकूंचा चेहरा उजळला. "अगं, कुंद पण फूलच! सांग तिला." मी सांगितलं, ग्रेसनं सांगितलं, लीनाबाईंनी उलट विचारलं, कसल्या रंगाचं?

काकूंनी आपल्या पदराकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "पांढरं."

लीनाबाईंनी ऐकलं, विचार केला, आणि निकाल दिल्यासारखं काहीतरी बोलल्या. पलंग दारातून बाहेर जात होता, ग्रेस मागून धावता धावता म्हणाली, "फुलाला चालतं म्हणे!"

ऑपरेशन दोन तास चाललं. कुंदाकाकू बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसून होत्या, मूठ मिटलेली. मी कॉफी आणली, ती तशीच राहिली. पाच वाजून गेल्यावर डॉक्टर बाहेर आले. नीट झालंय, म्हणाले. उद्यापासून हळूहळू बसवू, मग चालवू, घरी यायला मात्र महिना-दीड महिना लागेल. ग्रेस काकूंच्या गळ्यात पडली. काकूंनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाल्या, "बरं बरं. आता ते स्टूल फेकून दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. नंबर ओळखीचा होता, पण मी पिठाच्या हातांनी न बघताच उचलला.

"अनघा? कुंदा बोलतेय. हॉस्पिटलला कधी निघायचं?"

कोण कुंदा, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मग कळलं.

"दहा मिनिटांत येते, कुंदाकाकू," मी म्हणाले. ते 'कुंदा' नीट ऐकून घेऊन मगच त्यांनी फोन ठेवला.